सक्षम नायिका नावाचे थोतांड

मराठी कादंबरीविषयीच्या चर्चेत गेली काही वर्षे एक विशेषण फार स्वस्त झाले आहे : 'सक्षम'. परिसंवाद असो, प्रबंध असो की पुस्तकाचे मलपृष्ठ, नायिका सक्षम असल्याचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय काम भागत नाही. या विशेषणावर आमचा मुळातूनच आक्षेप आहे.

हा शब्द साहित्यविचारातून आलेला नाही. महिला धोरणे, शासकीय परिपत्रके आणि स्वयंसेवी संस्थांचे अहवाल यांतून 'सक्षमीकरण' समीक्षेत उतरले. तिथे त्याला काही अर्थ असेलही. पण त्याचे व्याकरण पाहावे. सक्षमीकरण कोणीतरी कोणाचे तरी करतो. ज्याचे करायचे ते कर्म, करणारा दुसराच. कादंबरीत हा करणारा म्हणजे लेखक. नायिकेला तो नोकरी देतो, एक बाणेदार भाषण देतो, शेवटच्या प्रकरणात उंबरठा ओलांडू देतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. चित्रपटवाल्यांनी यापुढे जाऊन तिच्या हाती त्रिशूळही दिला : सगळा चित्रपट छळ सोसायचा आणि शेवटी दुर्गावतार. सोसणारी बाई आणि संहार करणारी देवी या दोहोंच्या मध्ये माणूस नावाचे काही असते, याचा या मंडळींना पत्ताच नाही.

ताराबाई शिंदे यांना तो होता. 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाले. स्त्रीच्या माथी मारल्या जाणाऱ्या दुर्गुणांचा हिशेब पुरुषाशी मांडताना त्यांनी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' यांसारखी त्या काळची लोकप्रिय पुस्तकेही सोडली नाहीत. स्त्रियांना शूर दाखवा, असे त्यांचे मागणे नव्हते. जो नियम तिला तोच त्याला का नाही, एवढेच त्या विचारत होत्या. मराठीतील स्त्रीवादी समीक्षेची ही सुरुवात आजच्या पुष्कळ समीक्षेहून अधिक साहित्यिक आहे, असे आमचे मत आहे.

आता हरिभाऊ आपट्यांची यमू पाहा. 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' मधून क्रमशः येऊ लागली. सक्षमतेच्या कोणत्याही प्रचलित मापाने यमू नापास होते. तिचे लग्न ती ठरवत नाही. तिला शिकवतो तो नवरा. मुंबईतला थोडा मोकळा श्वासही त्याच्याच आधाराने. तो गेल्यावर सासरी तिचे बळजबरीने केशवपन होते आणि पुढे ती मरते. ना बंड, ना विजय. तरीही ही कादंबरी आज वाचताना तिच्यापुढे बाकीचे सगळे फिके पडतात, आणि त्याचे कारण अगदी तांत्रिक आहे : सांगणारी ती आहे. माजघरात काय बोलले जाते, ओसरीवरून कोणता आवाज आला की बायका गप्प होतात, वडील घरात आले की हवा कशी बदलते, हे तिच्या नजरेने आणि तिच्या बोलीत येते. हरिभाऊ पुरुष, सुधारक. मध्येच व्याख्यान देण्याचा मोह त्यांना सुटला नसता तर आश्चर्य नव्हते. 'मी' यमूला देऊन टाकल्यामुळे त्यांना तिच्या हसण्याचा, चेष्टेखोरपणाचा, क्षुल्लक रागांचाही हिशेब ठेवावा लागला. ज्या समाजाने तिला बोलू दिले नाही त्या समाजाची साक्ष तीच नोंदवते. तिची मैत्रीण दुर्गी हिचे हालही आपल्याला दिसतात ते यमूच्याच डोळ्यांनी. नायिकेच्या बळाची जागा कथानकात शोधणाऱ्यांना हे दिसणे शक्य नाही, कारण ते बळ निवेदनात आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल : मरणाऱ्या, हरणाऱ्या बायकांच्या कथा वाचून विद्यार्थिनींनी काय घ्यावे? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. दुःखाचे प्रदर्शन मांडून वाचकाकडून चार आसवे वसूल करणारे लेखन मराठीत ढिगाने आहे. पण त्यावर उतारा म्हणून जिंकणारी बाई आणली तर लबाडी तीच राहते, फक्त तिचा रंग बदलतो. विभावरी शिरूरकरांनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहिले तेव्हा त्यांच्या नायिका शिकलेल्या होत्या, मिळवत्या होत्या. म्हणजे आजच्या मापाने निम्म्या सक्षम. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे तिथल्या एका कथेचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. मुलीच्या पगारावर घर चालते, आणि म्हणून तिचे लग्न लांबते. अर्थार्जन म्हणजे मुक्ती, हे समीकरण मांडले जात होते तेव्हाच या बाईने ते आतून पोखरून दाखवले. पुस्तकावर गहजब झाला आणि टोपणनावामागे कोण दडले आहे याचा शोध सुरू झाला, तो उगाच नव्हे.

उंबरठ्याचे माप तर उघडच पांढरपेशे आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मधील कौतिकला हे माप लावून पाहावे. तिला उंबरठ्यात अडवून धरण्याची चैन कोणाला परवडणार होती? नवरा कर्तृत्वहीन, पुढे महारोगाने गाठलेला. ती राबते, पोरे वाढवते. घराबाहेर पडणे हा तिच्या जगण्यातला साक्षात्कार नाही, रोजची सकाळ आहे. मग समीक्षक दुसरे टोक गाठतात आणि तिला 'सोशिक', 'कष्टाळू माउली' म्हणून मखरात बसवतात. आम्हाला हे पहिल्यापेक्षाही घातक वाटते. कौतिक सोसत बसत नाही. ती आखणी करते, ती फसते, ती पुन्हा आखते. चिडते, टाकून बोलते, आणि तिच्या वऱ्हाडी बोलण्यात दया मागणारा सूर नाही. परिस्थिती तिला पुरून उरते, हे खरे. पण वाचकाने तिची कीव करावी, अशी सोय शेळक्यांनी ठेवलेली नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही : चुकण्याचा हक्क. केतकरांची 'ब्राह्मणकन्या' (१९३०) कलाकृती म्हणून ओबडधोबड आहे. समाजशास्त्राची प्रवचने ऐकता ऐकता कंटाळा येतो. पण कालिंदी एका व्यापाऱ्याबरोबर लग्नाविना राहते, त्यातून बाहेर पडते, पुढे लग्न करते, आणि लेखक तिला विहिरीचा काठ दाखवत नाही. चुकीची शिक्षा मृत्यूच असली पाहिजे, हा नियम त्या काळात मोडणे ही लहान गोष्ट नव्हे. आजच्या 'सक्षम' नायिका मात्र चुकतच नाहीत. त्यांचे नवरे चुकतात, सासवा चुकतात, समाज चुकतो. त्या फक्त बरोबर असतात. अशा निर्दोष बाईपेक्षा गौरी देशपांडे यांच्या स्वतःचीच टर उडवणाऱ्या, खात्यापित्या घरच्या, प्रसंगी स्वार्थी नायिका आम्हाला शतपटीने जवळच्या वाटतात.

कविता महाजन यांनी 'ब्र' (२००५) मध्ये तर सक्षमीकरणाच्या या भाषेलाच उलटतपासणीसाठी उभे केले. संस्थेचे काम करणारी प्रफुल्ला आदिवासी सरपंच बायकांना भेटते. कायद्याने खुर्ची दिलेल्या या बायकांशी सत्ता कसे खेळ खेळते ते तिला कळत जाते. आणि आपण ज्या संस्थेच्या वतीने आलो तिचे व्यवहारही. ती कोणाचा उद्धार करत नाही. बराच काळ ती नुसती ऐकते. ऐकणारी नायिका आमच्या अभ्यासक्रमांच्या कोणत्या चौकटीत बसवायची?

प्रश्नपत्रिकांत 'नायिकेच्या बंडखोर व्यक्तिमत्त्वाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत आहे आणि मार्गदर्शकांत त्याचे उत्तर तयार असते. त्याऐवजी एक वर्ष असे विचारून पाहावे : या कादंबरीत नायिकेविषयी आपल्याला जे कळते ते कोण सांगतो, आणि लेखकाने तिला कोणती चूक करू दिली? दहा गुण ठेवावेत. उत्तरात 'सोशिक' हा शब्द आला तर दोन कापावेत.