'पुन्हा सांगा' म्हणायची लाज

बोर्ली पंचतनला घरी गेलो की रात्री गच्चीवर पडून विमानांचे दिवे बघायचे, हा माझा जुना छंद. ते दिवे एकमेकांपासून लांब ठेवणारा माणूस बऱ्याचदा आपल्यासारखाच बी.ई. असतो बरं का! हॉस्टेलवरही कंट्रोलर भरतीचे फॉर्म भरणारे आहेतच. निवड झाली की आधी वर्ग, सिम्युलेटर आणि मग खऱ्या रेडिओवर शिकणं. शिकाऊ बोलतो, शेजारी इन्स्ट्रक्टर हेडफोन लावून ऐकतो; चूक दिसली की मध्येच स्वतः बोलतो.

पायलटने सूचना परत म्हणायची, कंट्रोलरने ती कान देऊन तपासायची, हा नियम. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर, १५,००० फुटांवर राहायला सांगितलेलं कझाक विमान खाली उतरलं आणि १४,००० फुटांवरच्या सौदी विमानाला धडकलं. ३४९ माणसं गेली. चौकशीत कझाक वैमानिकांच्या कच्च्या इंग्रजीचा मुद्दा निघाला.

म्हणून माझं मत, शिकाऊने 'पुन्हा सांगा' म्हटलं तर त्याचा शेरा खराब करू नये. अर्धवट ऐकून 'रॉजर' ठोकणाऱ्याचा करावा. आपल्याकडे उलटंच. प्रॅक्टिकलला 'समजलं का?' विचारलं की अख्खी बॅच 'यस सर'!

गेल्या सेमला मशीन्स लॅबमध्ये पार्टनर काहीतरी ओरडला. मला 'बंद' एवढंच ऐकू आलं. टर्मिनलला हात लावणार, तेवढ्यात सरांनी मागे खेचलं. तो 'बंद नाही' म्हणाला होता. 'काय?' एवढं विचारायला माझं काय जात होतं, कोण जाणे.