सातवीच्या वर्गात स्पॅनिश? कायले पायजे म्हणता?

एप्रिल-मे महिन्यात पावसाचा अंदाज आला की 'अल निनो' हा शब्द आपल्या कानावर हमखास पडतो. पऱ्हे केव्हा टाकायचे, हलका धान घ्यायचा की भारी, याची चर्चा सुरू होते आणि कोणीतरी म्हणतोच, "यंदा निनो आहे म्हणतात." हा शब्द स्पॅनिश आहे. अर्थ आहे लहान मुलगा. पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी कोमट झालेले जाणवे, म्हणून त्यांनी बाळ येशूवरून हे नाव ठेवले. खरा उच्चार 'निन्यो' असा आहे. 'ला निन्या' म्हणजे लहान मुलगी. 2009 मध्ये अल निनो आला आणि देशात मोठा दुष्काळ पडला. पण 1997 मध्ये तो फार जोरात असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. म्हणजे नुसते नाव ऐकून घाबरण्यात अर्थ नाही, त्यामागची गोष्ट माहीत पाहिजे.

आता मूळ मुद्दा. गावातल्या पाचवी ते आठवीच्या पोरांना एखादी परकी भाषा, समजा स्पॅनिशच, थोडीथोडी शिकवावी असे म्हटले की लोक हसतात. "सायेब, पोराले मराठी वाचता येत नाही, इंग्रजीच्या नावानं बोंब, अन् स्पॅनिश कायले पायजे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकी भाषा माध्यमिक स्तरावर, म्हणजे नववीपासून शिकवाव्या असे म्हटले आहे. त्यात जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन यांच्याबरोबर स्पॅनिशचेही नाव आहे. इकडे 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा लावण्यावरून राज्यात किती वाद झाला ते आपण पाहिले. एप्रिलमध्ये आदेश निघाला, जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. पहिलीचे पोर फार लहान, हे लोकांचे म्हणणे मला पटते. पण नववीपर्यंत थांबणेही बरोबर नाही. तेव्हा दहावीची धास्ती असते आणि चुकलो तर लोक हसतील ही लाजही आलेली असते. रोवणीला पऱ्हे जास्त दिवसांचे झाले की फुटवे कमी येतात, हे तुम्हाला सांगायला नको. भाषेचे पऱ्हे उचलायला सहावी-सातवीचे वय चांगले. मराठी बऱ्यापैकी बसलेली असते आणि लाज अजून आलेली नसते.

हे फक्त शहरातल्या महागड्या शाळांचे काम आहे, असे समजू नका. औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट या गावातली जिल्हा परिषदेची शाळा आठवा. शहरापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवरचे हे गाव, रस्ता धड नाही. 2019 मध्ये तिथल्या शाळेने चौथी ते आठवीच्या पोरांना विचारले, कोणती परकी भाषा शिकायची? पोरांना यंत्रमानवाचे वेड, म्हणून त्यांनी जपानी निवडली. पुढे एका भाषातज्ज्ञाने इंटरनेटवरून फुकट वर्ग घेतले. सगळ्यांकडे मोबाईल नव्हते, तेव्हा ज्याला शिकायला मिळाले त्याने 'विषयमित्र' होऊन दुसऱ्याला शिकवायचे, अशी सोय केली. आपण बांधावर एका शेतकऱ्याला प्रात्यक्षिक दाखवतो आणि तो शेजाऱ्याला सांगतो, तीच ही रीत.

मग आपल्याकडे काय कमी आहे? उलट भाषेच्या बाबतीत आपला गोंदिया जिल्हा श्रीमंत आहे. एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. घरी झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, पाहुण्यांशी छत्तीसगडी, शाळेत मराठी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तर बंगाली आणि तिबेटी वसाहतीही आहेत. आपले पोर दहाव्या वर्षीच तीन बोलींत व्यवहार करते. आपण मात्र त्याला 'भाषा अशुद्ध' म्हणून गप्प बसवतो.

मराठी पोराला स्पॅनिश वाटते तितकी अवघडही नाही. त्यांचे स्वर पाच, अ, आ, ए, ओ यांच्या जवळचे असे नव्हे, तर सरळ आपले आ, ए, ई, ओ, ऊ. त्यांचा त आणि द आपल्यासारखा दाताला जीभ लावून. इंग्रजीसारखे स्पेलिंगचे हाल नाहीत, जवळपास लिहिले तसेच वाचायचे. आकडे ऐका: दोस म्हणजे दोन, त्रेस म्हणजे तीन, सिएते म्हणजे सात, नुएवे म्हणजे नऊ, दिएस म्हणजे दहा. आपण 'मी' न म्हणता नुसते 'बोलतो' म्हणतो, तसे तेही नुसते 'आब्लो' म्हणतात. 'तू' आणि 'आपण' हा मानाचा फरक त्यांच्याकडेही आहे. वस्तूला लिंग आहे, फक्त नपुंसकलिंगी नाम नाही. अवघड जागा आहेतच. आपल्या एका 'आहे'साठी त्यांच्याकडे दोन क्रियापदे आहेत. पण ती समजून घेताना पोराला आपल्या मराठीचे व्याकरणही पहिल्यांदा नीट दिसते. माझ्या मते हाच मोठा फायदा.

शेतीशी तर या भाषेचे जुने नाते आहे. साखरेला ते आसूकार म्हणतात. हा शब्द आपल्या शर्करेपासून फारसी-अरबीमार्गे तिकडे गेला. संत्र्याला म्हणतात नारान्हा, त्याचे मूळ आपले नारंग. उलट मिरची, टमाटर, आलू, मका ही पिके आपल्याकडे आली ती आज जिथे स्पॅनिश बोलतात त्या अमेरिका खंडातून. हरितक्रांतीच्या काळातला 'लर्मा रोहो' हा गव्हाचा वाण जुन्या लोकांना आठवत असेल. तो मेक्सिकोचा. रोहो म्हणजे लाल. भातासाठी शब्द आहे अर्रोस. धानाच्या जिल्ह्यातल्या पोराला तो माहीत असायला काय हरकत आहे?

तरी माझ्या काही अटी आहेत. पहिली, याची परीक्षा नको, गुण नको. गुण आले की गाईड येते आणि भाषा जाते. दुसरी, दोन शिक्षकांवर चालणाऱ्या शाळेत गुरुजींच्या डोक्यावर हे ओझे टाकू नका. शाळेतल्या पडद्यावर किंवा मोबाईलवर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे ऐकायचे, बोलायचे आणि विषयमित्रांनी पुढे न्यायचे. पहिले सहा महिने वहीच नको. तिसरी अट सर्वात महत्त्वाची: पोराच्या घरच्या बोलीला वर्गात मान मिळाला पाहिजे. 'नमस्कार' स्पॅनिशमध्ये शिकताना तो गोंडीत आणि पोवारीत कसा म्हणतात, हेही वर्गाने शिकावे. आणि पोरांनी स्पॅनिशऐवजी बंगाली किंवा गोंडीच निवडली, तर ती शिकवा. निवड त्यांची.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना विनंती आहे की शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. पोरांना विचारा आणि एका सत्रापुरते करून पाहा. नंतर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांना उभे करून चार वाक्ये बोलायला लावा. नवीन वाण आपण आधी एका बांधीत लावतो, उतारा पाहतो, मगच वाढवतो. इथेही तसेच करा. जमले नाही तर बंद करा, आठवड्याची चाळीस मिनिटेच गेली. जमले तर जे पोर आज गावाबाहेर तोंड उघडायला भिते, ते उद्या तालुक्याच्या कार्यालयात आपल्या बापाचा अर्ज घेऊन न घाबरता बोलेल.