काकांच्या गोळ्या आणि सकाळचे पोहे



यावेळचा विषय आपल्या घरांत दबक्या आवाजातच बोलला जातो. देपालपुरचे माझे काका, वय 74. कंबर दुखते म्हणून वर्षभर तेल चोळत राहिले. शेवटी तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही हाडांपर्यंत गेलेला. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजार मुळापासून जाणार नाही, पण औषधांनी तो बराच काळ दाबून ठेवता येतो.

हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. ते कमी केलं की तो आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी तेव्हा वृषणं काढत. तो मार्ग आजही आहे, एकदाच होतो आणि स्वस्त पडतो. काकांनी दर तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन निवडलं. ते सुरुवातीला हार्मोन उलट वाढवतं, म्हणून पहिले काही आठवडे बायकॅल्युटामाइडच्या गोळ्याही होत्या.

पुढे अ‍ॅबिराटेरॉन जोडलं. 250 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, रोज, उपाशीपोटी. खाण्यासोबत घेतल्या तर औषध रक्तात कितीतरी पटींनी जास्त उतरतं. आता माळव्यातल्या माणसाला सकाळी पोह्यांसाठी थांबवणं सोपं आहे का? काकूंनीच तोड काढली: पहाटे पाचला गोळ्या, सातला पोहे. जिलेबी मात्र बंद, कारण या उपचारात साखर आणि वजन दोन्ही वाढतात.

आता माझी चूक. अ‍ॅबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोनची छोटी गोळी असते. मी मोबाईलवर ‘स्टेरॉइडचे दुष्परिणाम’ वाचले आणि शहाणपणाने काकांना म्हटलं, "ही राहू द्या." काही दिवसांतच त्यांचे पाय सुजले, बीपी 180 वर गेलं, रक्तातलं पोटॅशियम घसरलं. अ‍ॅबिराटेरॉनमुळे शरीरात मीठ-पाणी धरून ठेवणारी हार्मोन्स वाढतात. त्यांना आवर घालायलाच ती गोळी असते. शिवाय स्टेरॉइड एकदम तोडणं हाही धोकाच. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कोणी बंद केली?" मी खाली बघत होतो. काका म्हणाले, "मीच विसरलो."

तेव्हापासून त्यांच्या तपासण्यांची वही मी ठेवतो: बीपी, साखर, पोटॅशियम, लिव्हर, पीएसए. इंजेक्शनची तारीखही. एकदा "सोयाबीन निघू दे, मग जाऊ" म्हणत त्यांनी ती जवळजवळ चुकवलीच होती.

बाकी त्रास हळूहळू कळले. अंगातून एकदम गरम वाफा आणि घाम. जानेवारीच्या थंडीतही पंखा. दंड बारीक, पोट पुढे, दुपारी गळून गेल्यासारखं. चिडचिड एवढी की काकूंना वाटलं, आपलंच काही चुकलं. नवरा-बायकोच्या जवळिकीवर होणारा परिणाम तर काकांनी कोणालाच सांगितला नव्हता. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून सांगितलं, हे औषधामुळे आहे. काकू बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मी उगाच रुसले नसते."

हाडंही ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी. हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन ठरलं, तेव्हा आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नंतर दात काढावा लागला तर जबड्याला इजा होऊ शकते. थकव्यावर मात्र आरामापेक्षा व्यायाम बरा ठरला. काका रोज चालतात आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठतात. नातू मोजतो, आणि लबाडी करून आठलाच दहा म्हणतो.

परवा त्यांचा फोन आला. "पीएसए आणखी उतरलाय. गोळ्या सगळ्या घेतल्या, ती छोटीसुद्धा. तू नवीन काही वाचलं नाहीस ना?"