डोंगराची माती, सागराचा तळ

डोंगर फोडून भूमी सपाट केली की डोंगर संपला, असा एक समज विकासाच्या भाषेत रूढ झाला आहे. वस्तुतः डोंगर केवळ जागा बदलतो आणि त्याचा अखेरचा मुक्काम बहुधा समुद्राच्या तळाशी असतो.

अमेरिकेतील सिएटल शहराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० पर्यंत 'डेनी हिल' ही टेकडी टप्प्याटप्प्याने भुईसपाट केली. पाण्याच्या प्रचंड झोतांनी व पुढे यंत्रांनी सुटी केलेली माती मोठ्या प्रमाणावर लगतच्या एलियट उपसागरात लोटली गेली. शहराला सपाट जमीन मिळाली. उपसागराचा तळ मात्र कायमचा बदलला. आपल्या मुंबईतही चिंचपोकळी व डोंगरी येथील टेकड्या फोडून खाजणे आणि किनारा भरला गेला. डोंगरीत आज डोंगरापेक्षा त्याचे नावच अधिक उरले आहे.

हाच प्रश्न सिंधुदुर्गापुढे उभा आहे. रेडी येथे समुद्राला लागूनच अनेक दशके लोहखनिज काढले गेले. त्याच खाणीत १९७६ साली श्रीगणेशाची मूर्ती सापडली आणि भाविकांचे तीर्थक्षेत्र निर्माण झाले. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेल्या पाण्याने बांध फोडला आणि तांबडा चिखल घरांत, शेतांत व बागांत शिरला. गावाने तो डोळ्यांनी पाहिला. पण नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाणारा गाळ कोण पाहतो?

पावसाळ्यात नद्या गढूळ होतातच, हे खरे. परंतु झाडोरा व जांभ्याचे कवच काढलेला डोंगर कितीतरी अधिक माती सोडतो. प्रवाळाला आपल्यातील सूक्ष्म शैवालासाठी सूर्यप्रकाश लागतो. गढूळ पाणी तो अडवते आणि बसलेला गाळ प्रवाळाला गुदमरवतो. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती हीच संपदा आहे. त्या पाण्यावर रापणकर मच्छीमारांची चूल पेटते.

खनिजातून रोजगार मिळतो, हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण खाण काही वर्षांनी बंद होते. मासेमारी, बागायती आणि पर्यटन पिढ्यान्‌पिढ्या पोसतात. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात पश्चिम घाटाच्या अतिसंवेदनशील क्षेत्रांत नव्या खाणींना विरोध केला होता, तो याच दूरदृष्टीने.

छत्रपती शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, तेव्हा तट खडकाच्या वळणाप्रमाणे वळला. निसर्गाचा कल ओळखून सामर्थ्य उभारण्याचा तो वस्तुपाठ होय. म्हणूनच डोंगरावरील प्रत्येक खाणीचा हिशेब खाडीच्या मुखापर्यंत आणि सागराच्या तळापर्यंत मांडला गेला पाहिजे. त्या हिशेबाला डोंगरावरच्या ग्रामसभेइतकाच किनाऱ्यावरचा मच्छीमारही साक्षीदार असला पाहिजे. हा आग्रह समाजाने धरला नाही, तर सागरतळाची बाजू मांडणारा दुसरा कोणीही नाही.