साहेबांना पाठवा!

'मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.' गॅरेजवाल्याचं हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. अहो, गाडी आमच्या बचत गटाची. 2019 साली ओम्नी निघायची बंद झाली, त्याच्याही बऱ्याच आधीची. आमच्या साहेबांनी तिला कधी हातसुद्धा लावलेला नाही!

तक्रारी दोन होत्या. चाळीसच्या पुढे गेलं की मागून 'घूंऽऽ' असा आवाज आणि मागची डावी बाजू खाली बसलेली. त्याने गाडी न चालवताच दोन्ही शॉकअप बदलायला लावले. पैसे गेले, आवाज तिथेच, गाडीही तशीच. मग गटाच्या बैठकीत बोट कोणाकडे? गाडी चालवणाऱ्या आमच्या ताईकडे. 'बाई गाडी आपटते' म्हणे! तिचं काम जायची वेळ आली, तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले.

पाट्यांचं काम करणारे एक वयस्कर मिस्त्री भेटले. ते ताईशीच बोलले, हे विशेष. म्हणाले, शॉकअप फक्त गाडीचे झोके थांबवतो. वजन पेलतात ते पाटे. गाडी खाली बसली म्हणून शॉकअप बदलणं म्हणजे आमटी खारट झाली म्हणून शेगडी बदलण्यातला प्रकार! त्यांनी गाडी रिकामी करून सपाट जागी उभी केली, चाकांतली हवा सारखी केली आणि चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजलं. डावीकडे चांगला दोन बोटांचा फरक. कारण आमचंच. पिठाची पोती फुटपाथच्या बाजूच्या दारातून चढवायची आणि तिथेच रचायची, वर्षानुवर्षं!

आवाजाची परीक्षा तर मला फारच आवडली. ताईला गाडी चालवायला सांगून ते मागे बसले. वेग घेऊन गाडी न्यूट्रलला टाकली, तरी घूं चालूच. म्हणजे इंजिनाचा दोष नाही. डांबरी रस्ता संपून काँक्रीट लागलं, तरी सूर तोच. टायरचा असता तर बदलला असता. उजवीकडे वळताना मात्र वाढला. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून संशय डाव्या बेअरिंगवर. परत आल्यावर पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं चाक उचलून खाली स्टँड दिला आणि ताईला म्हणाले, 'पाट्यावर हात ठेव, मी चाक फिरवतो.' हाताला खरखर लागली. मग चाक वर-खाली धरून हलवलं, तर चक्क खुळखुळलं.

मिक्सरचा आवाज बदलला की आपल्याला आतल्या खोलीतून कळतं ना, मैत्रिणींनो? मग गाडीचं आपल्याला कळणार नाही, हे ठरवलं कोणी? आणि खरं सांगायचं तर आम्हीही कमी नाही. ताई महिनाभर सांगत होती, आवाज वळणावर वाढतो म्हणून. तिचं कोणी ऐकलं? मीसुद्धा नाही. गॅरेजवाल्यावर चिडायला मी पुढे आणि घरची बाई बोलली की 'बघू' म्हणायलाही मीच. बेअरिंग असंच राहिलं असतं तर वाटेत चाक अडकायची भीती होती आणि गाडीत बायका बसलेल्या असायच्या.

बेअरिंग बदललं. पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान दिली, एक चिरलेला निघाला तो नवा घातला. आता पोती दोन्ही बाजूंना विभागून ठेवतो. पुढच्या बैठकीत गाडीचा हिशेब ताईच मांडणार आहे. जुने शॉकअप गॅरेजमध्येच राहिलेत, ते मागायला मात्र मी जाणार आहे.