अपेक्षित गुण : ५८५



या समूहावर मी आतापर्यंत जुन्या इंदूरच्याच गोष्टी लिहिल्या. आज मात्र आजची गोष्ट लिहितोय. घरातलीच आहे आणि त्यात चूक माझी आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुणी ना कुणी दहावी-बारावीचं मूल असेल, मग घर ग्वाल्हेरचं असो की बडोद्याचं, बेळगावचं की हैदराबादचं. म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्या वेळी निकाल 'नई दुनिया'त छापून यायचा. पहाटे पेपर घेऊन रोल नंबर शोधायचा, कुठल्या श्रेणीत आहे ते बघायचं, आणि सापडला नाही तर पुन्हा एकदा वरपासून खाली बोट फिरवायचं. त्याआधी भविष्य सांगणारे एकच, वर्गातले मास्तर. "तू सेकंड क्लास काढशील, गणितात घसरलास तर थर्ड," इतकंच बोलायचे. त्या अंदाजात आकडा नव्हता, पण सांगणारा माणूस आपल्याला रोज बघत होता.

आता आकडा आहे. माझी नात (मुलीची मुलगी) २०२५ साली नीटला बसली. तिच्या कोचिंगच्या ॲपवर मार्च महिन्यात एक हिरवी पट्टी आली : 'अपेक्षित गुण ५८५'. मला इतका आनंद झाला की मी त्याचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिला. बडोद्याच्या वहिनींनी पेढ्यांचं चित्र पाठवलं. पुण्याच्या भाच्यानं तिला डॉक्टरीणबाई म्हणायला सुरुवात केली. पोरगी काही बोलली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

१४ जूनला निकाल लागला. ५१४.

घरात सुतक असल्यासारखं झालं. ज्यांनी पेढे पाठवले होते त्यांनी फोन करून विचारलं, "काय झालं? पेपर अवघड गेला का? तब्येत बरी नव्हती का?" तिसऱ्या दिवशी नात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबा, एकाहत्तर मार्क कुठे गेले असं सगळे विचारतायत. ते माझ्याकडे होते कधी?"

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात : संभाव्य तोट्याची तरतूद करा, पण हातात न आलेला नफा हिशेबात धरू नका. जन्मभर ते तत्त्व दुसऱ्यांच्या ताळेबंदांना लावलं. घरात मात्र न मिळालेला नफा मी आधी जमा दाखवला आणि मग त्याचा तोटा पोरीच्या नावे टाकला.

बँकेत माझी बरीच वर्षं कर्ज विभागात गेली. सांवेर रोडचे, पोलोग्राउंडचे कारखानदार सीएमए डेटा घेऊन यायचे. त्यात मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचा अंदाज आणि पुढच्या वर्षांचं प्रोजेक्शन असतं. नायक समितीनंतर लहान उद्योगांना अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल द्यायची पद्धत रूढ झाली. पण अंदाजित म्हणजे गिऱ्हाइकानं लिहिलेली विक्री नव्हे, बँकेनं तपासून मान्य केलेली. तेव्हा प्रोजेक्शन वाचणं हेच आमचं काम. आम्ही त्याला खोटं म्हणत नव्हतो आणि खरंही मानत नव्हतो. तीन-चार प्रश्न विचारायचो. जूनमध्ये उशिरा का होईना, तेच प्रश्न मी त्या ५८५ ला विचारले.

पहिला प्रश्न : प्रत्यक्ष आकडे काय आहेत? नातीच्या सात सराव परीक्षांचे गुण मागितले. ५३८, ५७१, ५०२, ५९०, ५४९, ५६१, ५२६. सरासरी ५४८. सर्वांत कमी ५०२, सर्वांत जास्त ५९०. म्हणजे एकाच मुलीचे, एकाच अभ्यासावर, ८८ गुणांच्या पट्ट्यात कुठेही गुण पडत होते. त्यात नवल नाही. नीटला बरोबर उत्तराचे ४ आणि चुकीला वजा १, म्हणजे एका उत्तराचा फरक ५ गुणांचा. नेमके येणारे सहा प्रश्न आले किंवा न आले, की ३० गुण इकडचे तिकडे. मग खरा अंदाज होता 'पाचशे ते पाचशे नव्वद'. ॲपनं त्याच्या वरच्या टोकाजवळचा एक आकडा उचलून हिरव्या रंगात दाखवला. आणि ५१४ कुठे आलं? त्याच पट्ट्यात. पोरगी घसरलीच नव्हती.

दुसरा प्रश्न : गृहीतकं कोणती? आमच्याकडे प्रोजेक्शनच्या मागे एक गृहीतकांचं पान लावलेलं असायचं, आणि मी फाईल तिथूनच उघडायचो. ॲपचं गृहीतक असं की मूल याच गतीनं सुधारत राहील आणि परीक्षा मागच्यासारखीच असेल. पण जानेवारी २०२५ मध्ये परीक्षेची पद्धतच बदलली. आधी २०० प्रश्नांतले १८० सोडवायचे आणि वेळ २०० मिनिटं. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, वेळ १८० मिनिटं. न येणारे प्रश्न सोडून द्यायची मुभा गेली. नातीच्या पहिल्या चार सराव परीक्षा जुन्या पद्धतीच्या होत्या, आणि ॲपनं त्या नव्यांच्या बरोबरीनं धरल्या. त्यात त्या वर्षी भौतिकशास्त्राचा पेपर फार कठीण निघाला, आणि आमच्या नातीचं नेमकं तेच कच्चं. एकूण आकड्यात ते झाकलं गेलं होतं. जीवशास्त्राच्या जोरावर बेरीज छान दिसायची.

तिसरा प्रश्न : मागच्या वर्षीचं प्रोजेक्शन आणि मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी ठेवा. कर्जाचं नूतनीकरण करताना आम्ही हे केल्याशिवाय पुढे जात नसू. कोचिंगच्या माणसाला मी हेच विचारलं : मागच्या वर्षी ज्यांना तुम्ही ५८५ सांगितलं होतं, त्यांना पडले किती? त्यानं हसतमुखानं यशस्वी मुलांच्या फोटोंचं पत्रक हातात दिलं. वसुली झालेल्या खात्यांचीच यादी दाखवून शाखा उत्तम चाललीये म्हणण्यासारखं हे आहे. डिसेंबरात कंटाळून सोडून गेलेली मुलं, परीक्षेत आपटलेली मुलं, ती या हिशेबात कुठे आहेत?

चौथा प्रश्न बँकेतला नाही, पण सगळ्यात मोठा ठरला : या आकड्याला बाजारात भाव काय? प्रवेश गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो. २०२४ मध्ये गुणांची इतकी रेलचेल होती की अंतिम यादीतही १७ जणांना पैकीच्या पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण ६८६. सहाशेच्या वर गुण त्या वर्षी जेमतेम तेराशे मुलांना. २०२४ मध्ये ५८५ गुणांचा क्रमांक लाखाच्या आसपास गेला असता. २०२५ मध्ये माझ्या नातीचा क्रमांक ५१४ गुणांना पन्नास हजारांच्या आत आला. म्हणजे ज्या आकड्यासाठी आम्ही पेढे वाटले, त्यापेक्षा हा 'पडलेला' आकडा चांगला होता. आणि आम्ही तीन दिवस सुतक पाळलं.

ज्यांची नातवंडं जेईईला बसतात त्यांनाही एक सांगतो. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाईल म्हणजे आपल्यामागे शंभरातले नव्वद, पुढे दहा. परीक्षेला चौदा-पंधरा लाख मुलं असली की ते 'दहा' म्हणजे दीड लाखाच्या घरात जातात. आपले काही लोक नव्वद ऐकून पेढे वाटतात आणि काही जण पोराला रागावतात की शंभरातले दहा गेले कुठे! दोघंही चुकतात.

आणि काही गोष्टींसाठी तर कुठल्याच प्रोजेक्शनमध्ये रकाना नसतो. ४ मे २०२५ ला दुपारी, ऐन परीक्षेच्या वेळी, इंदुरात काय वादळ झालं ते इथल्या लोकांना आठवत असेल. कित्येक केंद्रांवर दिवे गेले, मुलांनी अंधुक उजेडात पेपर लिहिले. प्रकरण हायकोर्टात गेलं. एका न्यायमूर्तींनी फेरपरीक्षेचा आदेश दिला, मग खंडपीठानं तो रद्द केला. आमच्या नातीच्या केंद्रावर दिवे टिकले. ज्यांचे गेले त्यांच्या ॲपवरही मार्चमध्ये एखादी हिरवी पट्टी असेलच.

जुलैत घरात पुढचा प्रश्न उभा राहिला. ड्रॉप घ्यायचा का? ॲप तयारच होतं : 'पुढील वर्षी अपेक्षित गुण ६४०'. जावई म्हणाले, "बाबा, एक वर्षाचाच तर प्रश्न आहे." मी एफडी मोडायला तयार होतो, पैशांची अडचण नव्हती. पण या वेळी मी कागद घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच नातीला विचारलं, तुझा स्वतःचा अंदाज काय? तिनं लगेच सांगितलं, "फिजिक्समध्ये मी फार तर वीस-तीस मार्क वाढवीन. ६४० मला दिसत नाहीत. आणि आणखी एक वर्ष सगळ्यांनी माझ्याकडे असं बघत बसलेलं मला चालणार नाही." तिनं दंतवैद्यकीला प्रवेश घेतला. निर्णय बरोबर की चूक ते मी ठरवणार नाही. पण चार मोठी माणसं आणि एक ॲप, या सगळ्यांपेक्षा तिचं गृहीतकांचं पान स्वच्छ होतं हे नक्की.

मी ॲपच्या विरोधात नाही. कुठला विषय कच्चा आहे, कुठे वेळ वाया जातो, हे तो सांगतो आणि त्याचा उपयोग पुढचे सहा आठवडे कसे घालवायचे हे ठरवायला होतो. माझा आक्षेप त्या एका आकड्याला आहे. बरोबर पट्टा द्या, मागच्या वर्षी अंदाज किती चुकला ते छापा, मग आम्ही विश्वास ठेवू. कर्जदाराकडे आम्ही एवढं तरी मागत होतो. फी भरणाऱ्या पालकांनी का मागू नये?

आणि आपण आजी-आजोबांनी मुलांचा अपेक्षित आकडा घराबाहेर नेऊ नये. तो मुलाचा असतो, आणि अजून झालेलाही नसतो. बँकेत गिऱ्हाइकाच्या खात्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही ही पहिली शिस्त. ती मी बँकेतून निघताना तिथेच ठेवून आलो की काय कोण जाणे.

तो फोटो घरच्या ग्रुपवर अजून आहे. परवा काढायला गेलो तर कळलं, इतक्या दिवसांनी तो फक्त माझ्याच फोनमधून पुसला जातो, बाकीच्यांच्या नाही. नातीला सांगितलं तर म्हणाली, "राहू द्या आबा. पुढच्या वेळी कुणाचा टाकू नका, झालं."

तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर जरूर लिहा. आकडा नका लिहू, अनुभव लिहा.