कवीने कोणाशेजारी उभे राहावे?

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नांदेड व लातूरसह सर्व मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाचा प्रारंभ झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, हिजाबच्या नियमांवरून इराणमध्ये अटक झालेल्या महसा अमिनी या २२ वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तेथील स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. शेरविन हाजीपूर या तरुण गायकाने सामान्य लोकांनी समाजमाध्यमांवर लिहिलेली वाक्ये गुंफून गीत रचले. त्यालाही अटक झाली. २०२३ मध्ये त्या गीताला ग्रॅमी पुरस्कार लाभला.

जुलमी सत्ता म्हणजे काय, हे आपल्या भागाला सांगावे लागत नाही. निजामाच्या राज्यात कारभार व शिक्षण उर्दूतून चाले; मराठीची गळचेपी होई. त्यामुळे त्या भाषेविषयी जुन्या पिढीच्या मनात कटुता राहिली असल्यास नवल नाही. परंतु भाषा कोणत्याही सत्तेची बटीक नसते. जनरल झिया उल हक यांच्या राजवटीत स्त्रीच्या साक्षीचे मोल घटविणारा कायदा येऊ घातला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरच्या स्त्रियांनी मोर्चा काढला. उर्दू कवी हबीब जालिब त्यांच्यासमवेत गेले, त्यांनी तेथे कविता म्हटली आणि पोलिसांचा मार सोसला.

या दोन्ही उदाहरणांत एक सूत्र आहे. हाजीपूरने स्वतःचे शब्द पुढे केले नाहीत, लोकांचे शब्द उचलले. जालिब यांनी स्त्रियांच्या वाट्याच्या लाठ्यांत आपला वाटा घेतला. सुरक्षित अंतरावरून लिहिलेली कविता सहानुभूती ठरेल. सोबत ठरण्यासाठी ऐकावे लागते आणि किंमतही मोजावी लागते.

असे धैर्य मराठवाड्यानेही पाहिले आहे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. १९८२ पर्यंत लातूर याच जिल्ह्यात होते. अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, म्हणून उद्घाटनास जाऊ नये, असे धमकावणे कवी ना. धों. महानोर यांना झाले. तरीही ते आले आणि एका धर्मगुरूशेजारी उभे राहिले.

तेच धैर्य आपण अन्यायाविरुद्ध उभ्या ठाकलेल्या लेकीबाळींसाठी दाखवू काय? सायंप्रार्थनेत आपण मरियामातेचे स्तोत्र म्हणतो. तेही एका खेड्यातील स्त्रीचेच काव्य आहे, आणि त्यात सत्ताधीशांच्या सिंहासनांचाही उल्लेख आहे. ते नुसते ओठांनी म्हणून भागणार नाही.